चाललेले तास

ऑक्टोबरात धुकं बंदरात उतरतं
आणि वर जायचं विसरतं.
तोरशाव्हनच्या धक्क्यामागे, बर्फाच्या गोदामाला लागून
माझी खोली. एक सूक्ष्मदर्शक, एक चुंबक,
फळीवर तेलाच्या बाटल्या,
जुना मध काळवंडावा तशा.

प्रत्येक बाटलीला चिठ्ठी.
जहाजाचं नाव. कुठलं यंत्र. तारीख.
तेल बदलल्यापासून चाललेले तास.
आणि खाली 'शेरा',
जो कुणी भरत नाही.

तिरप्या काचेवर थेंब सोडला
की चुंबक आपलं तेवढं ओढून घेतो.
मोठे कण वरच बसतात, चढावर दम लागल्यासारखे,
बारीक ओघळतात पार खालपर्यंत
आणि रांगा धरतात,
ओल्या केसांत फणी फिरल्यागत.

मग मी वाचते.
चपटे पापुद्रे: रोजचं घासणं, चालायचंच.
पिळदार कीस, रंध्याखालून निघाल्यासारखा:
कुठून तरी वाळू शिरलीय.
मोहरीच्या हजाराव्या हिश्श्याच्या चकचकीत गोळ्या:
बेअरिंगच्या पोटात तडा पसरतोय.
निळसर झाक: तापलं होतं, आणि कुणी बोललं नाही.
तांबडा भुगा म्हणजे समुद्र आत आला.

माझ्या बापाला यातलं काहीच लागायचं नाही.
एकेचाळीस वर्षं ट्रॉलरच्या इंजिनाशी काढली त्यानं.
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
डोळे मिटलेले.
"बांगड्याचा हंगाम काढेल हा," म्हणायचा,
"पुढचा नाही."
अख्ख्या धक्क्यावर म्हणत,
यंत्राला डॉक्टर नको, हानुसचा कान आणा.

दोन हजार नऊ साली त्याच्या खुब्यात नवा सांधा बसला.
कोबाल्ट, क्रोम. धातूवर धातू.
"हा तुमच्यामागेही राहील," म्हणाले.
त्याला ते फार आवडलं. चार घरी सांगून आला.

मग घरातला जिना कुरकुरू लागला.
त्यानं पायऱ्यांना खिळे मारले.
उन्हाळ्यात परत मारले.
मी एकटी चढले तेव्हा
जिना गप्प होता.
मी हे त्याला सांगितलं नाही.

इस्पितळाचा कागद आला: रक्तात कोबाल्ट, इतका.
मी तो उभ्यानंच वाचला, बाटलीची चिठ्ठी वाचावी तसा.
बापानं बाही वर सारली.
"टाक एक थेंब तुझ्या काचेवर. बघू तरी
कसा दिसतो मी."

कसं सांगायचं?
हा धातू माझ्या चुंबकाला जुमानत नाही, पापा.
आणि त्याचे कण इतके बारीक
की माझ्या दिव्याचा उजेड त्यांना ओलांडून जातो.
लोखंडाचा असतास तर धरलं असतं तुला.

त्यानं बाही खाली केली,
बटण लावायला बराच वेळ घेतला.

जानेवारीत सांधा काढला.
सर्जन, तरुण पोरगी, क्लाक्सविकची,
मला व्हरांड्यात म्हणाली, आतलं मांस राखाडी होतं.
हातांनी काही दाखवायला गेली
आणि थांबली.
मला कळलं. हा रंग मी रोज पुसते.

गोळा त्यानं मागून घेतला.
आता स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे,
रुबार्बच्या मुरंब्याशेजारी, काड्यापेटीएवढ्या खोक्यात नीट मावत नाही
म्हणून झाकण उघडंच.
येता-जाता तो अंगठा फिरवतो.
एका जागी, नखाएवढी, चकाकी गेलीय.
तिथे अंगठा थबकतो.

परवा माझ्या पिशवीतली एक कोरी चिठ्ठी कमी होती.

खोक्यावर चिकटवलीय. इंजिन-वहीतलं त्याचं ते उभट अक्षर.
नाव: हानुस. यंत्र: डावा खुबा.
तारीख बरोबर.
चाललेले तास त्यानं खरंच मांडलेत, झोपेचे वजा करून,
आणि चर्चच्या बाकावरचेही.

शेऱ्याची ओळ भरलेली आहे:
आवाज आधीच आला होता.
जिन्यावर ढकलला.